पाण्याची शीव

म्हैस कोणाची, हा वाद ऐन रंगात आला होता आणि मी चिखलाने भरलेल्या पायांनी तसाच राजसभेत घुसलो.

रिकाम्या सिंहासनाच्या खाली चटई टाकून आचार्य ईश्वरराशी बसले होते. एका बाजूला धानाई नावाची बाई, दुसऱ्या बाजूला तिचा दीर, आणि सभेच्या दारात खुद्द म्हैस. स्वामी पुढे झुकून दोघांचं ऐकत होते. असं ऐकताना त्यांचे डोळे चमकायचे.

"स्वामी, राणीमाय पलीकडे अडकल्यात!"

"थांब मल्हणा. म्हैस आधी आली आहे."

"म्हैस गेली खड्ड्यात! वंकदेवानं वेढा घातलाय!"

आमचे राजे अनंगदेव सम्राटाबरोबर उत्तरेच्या मोहिमेवर गेले, तेव्हा राज्य या मठाधिपतीच्या हवाली करून गेले. सेनापती होते, राजांचा सख्खा भाऊ वंकदेव होता, खाडीवरच्या नौकांचा नायक म्हणून मीही होतो. पण राजांना सापडला तो गुडघेदुखीने बेजार झालेला हा म्हातारा संन्यासी. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्यांना राज्य नकोय, म्हणून." वर्ष होत आलं तरी मला हे पटलं नव्हतं. राज्य चालवायला मनगट लागतं. यांना रस म्हशींत, बांधांत आणि शिंपल्यांत. खाडीपलीकडच्या समुद्रेश्वराच्या देवळाखालच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपले, कोणी वेचायच्या यावरून दोन गावं भांडली, तर हा माणूस तीन दिवस त्यांची गाऱ्हाणी ऐकत बसला होता. मी जांभया देऊन देऊन थकलो होतो.

"नीट सांग," स्वामी म्हणाले.

मी सांगितलं. राणीमाय लच्छादेवी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, खाडीपलीकडच्या डोंगरात गेल्या होत्या. मुलगा झाला. राजांनी त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. आता राणीमायच्या भावालाच वंकदेवाने फोडलं होतं. त्याची कुणकुण लागताच त्या पोराला छातीशी धरून पहाटे निघाल्या आणि खाडीपर्यंत पोचल्या. पण होडी येण्याआधी वंकदेवाचे घोडेस्वार आले. राणीमाय दासींसह काठावरच्या समुद्रेश्वराच्या देवळात शिरल्या आणि त्यांनी आतून अडसर घातला.

"आणि वंकदेव काय म्हणतो?"

"म्हणतो, दादा उत्तरेत पडले, पुतण्याचा सांभाळ आता मी करणार. मध्यान्हीपर्यंत दार उघडलं नाही तर तोडणार."

राजे पडल्याची बातमी कोणालाच नव्हती. आणि वंकदेव पुतण्याचा कसला सांभाळ करणार हे सभेतल्या म्हशीलाही कळत होतं. ते पोर दिवाळी बघणार नव्हतं.

"माझ्या नावा तयार आहेत," मी म्हणालो. "आज्ञा द्या. कापून काढतो."

"त्यांचे घोडे कुठे उभे आहेत?"

"देवळाभोवती. वरच्या दगडी काठावर."

"म्हणजे तुझी माणसं नावेतून उतरता उतरता भाल्यांवर जातील."

हे खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

"मग दंड न्या! आपला दंड तिथे रोवला तर कोणाची छाती आहे शस्त्र उपसायची?"

आमच्याकडची ही जुनी रीत. मठाचे आचार्य आपला दंड जिथे टेकतील, ती जागा तेवढ्यापुरती मठाची. तिथे अभय. समोर बापाचा खुनी उभा असला तरी शस्त्र म्यानातच राहायचं. जो उपसेल त्याच्या घरात सात पिढ्या कोणी पाणी पिणार नाही. पण दंड खुद्द आचार्यांच्या हातात हवा, आणि आचार्यांचं व्रत शाबूत हवं.

तिथेच घोडं अडलं. शेजारी उभा असलेला त्यांचा पट्टशिष्य वामशक्ती म्हणाला, "नायक, चातुर्मास चालू आहे. स्वामींना शीव ओलांडता येत नाही. ओलांडली तर त्यांचं आचार्यपद गेलं, आणि दंडाचं अभयही गेलं. वंकदेवांनी श्रावण उगाच निवडलेला नाही."

वामशक्ती विद्वान आणि सज्जन होता. त्याक्षणी मला त्याचं मुंडकं उडवावंसं वाटलं.

स्वामी गुडघा चोळत होते. "वामशक्ती, आषाढात संकल्प सोडताना उत्तरेची शीव मी काय म्हटली होती?"

"खाडीचं पाणी, स्वामी."

"पाणी. काठ नाही म्हटलं. मल्हणा, आज भरतीचं पाणी कुठवर जाईल?"

मी चटकन बोलून गेलो, "आज नारळी पौर्णिमा. उधाण आहे. मध्यान्हीला समुद्रेश्वराच्या पायऱ्यांना लागेल." आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "स्वामी!"

"मग तिथवर माझीच शीव."

"पण स्वामी," वामशक्ती चाचरला, "असा अर्थ आजवर कोणी..."

"तू चल बरोबर. माझं पाऊल पाण्याबाहेर पडलं तर ओरड." ते कण्हत उठले. "मल्हणा, शस्त्रं घे. जाळ्यांखाली झाकून ठेव."

"अभयात शस्त्रं कशाला?"

"घे म्हटलं ना. आणि माणसं कोळीवाड्यातली घे. चिखलात वाढलेली. शिपाईगडी नकोत."

मला काही कळलं नाही, पण वाद घालायला वेळ नव्हता. मी धावलो. मागून स्वामींचा आवाज ऐकू आला, "धानाई, म्हैस सोड मोकळी. संध्याकाळी आपणहून ज्याच्या गोठ्यात जाईल त्याची." मी कपाळावर हात मारून घेतला.

काठावर सगळा कोळीवाडा नटूनथटून समुद्राला नारळ वाहायला जमला होता. त्यातूनच मी धडधाकट गडी उचलले. नाव पाण्यात लोटली आणि उधाण आम्हाला भिडलं. लाट नावेच्या नाकाडावर आपटायची, सगळे भिजायचे, वल्ही कडाडायची. वामशक्ती डोळे मिटून मंत्र म्हणत होता. स्वामी मात्र नावेच्या टोकाला दंड धरून उभे! वाऱ्याने त्यांची छाटी फडफडत होती आणि चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

"बसा स्वामी, पडाल!"

"किती वर्षांनी नावेत बसलो रे! जोरात मारा की!"

गड्यांनाही चेव आला. ओरडत, एकमेकांना शिव्या घालत त्यांनी अशी वल्ही मारली की मध्यान्हीच्या आत आम्ही पलीकडे. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती.

देवळाचं दार तोडायला ओंडका आणलेलाच होता. स्वामी नावेतून उतरले. कमरेएवढ्या पाण्यातून चालत पायरीजवळ गेले आणि पाण्यातच उभं राहून त्यांनी दंड टेकला. ओंडका धरलेल्यांनी तो खाली टाकला. उपसलेल्या तलवारी म्यानात गेल्या. स्वार घोड्यांवरूनच नमस्कार करू लागले. माझ्या गड्यांनी जल्लोष केला.

वंकदेव घोडा घेऊन पुढे आला. देखणा, तरणाबांड, बोलण्यात साखर. लहानपणी मठात राहून तो स्वामींकडेच शिकला होता.

"स्वामी, चातुर्मासात इकडे?"

"पाण्यात आहे रे मी. पाणी माझी शीव."

वंकदेवाने वामशक्तीकडे पाहिलं. वामशक्तीने नाइलाजाने मान डोलावली. वंकदेव हसला.

"मान्य. अभय मान्य. शस्त्र कोणी उपसणार नाही. पण माझी माणसं इथे उभी आहेत. उभं राहायला तर बंदी नाही ना?"

दार आणि पाणी यांच्यामध्ये पायऱ्यांवर त्याची माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. राणीमाय बाहेर आल्या असत्या तर नुसत्या हातांनी पोर हिसकावून घेता आलं असतं. आतून पोराचं रडणं ऐकू येत होतं.

"बंदी नाही," स्वामी म्हणाले.

"मग बोलू या की निवांत. किती दिवसांनी भेट झाली!" असं म्हणून वंकदेवाने स्वामींच्या पायांकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. मी समजलो. भरती आता चढायची थांबली होती. हा नुसता वेळ काढणार होता. ओहोटी लागली की पाणी मागे सरणार, पाण्याबरोबर स्वामींना मागे सरावं लागणार, दंड दूर गेला की पुन्हा ओंडका दाराला लागणार.

आणि स्वामी बोलत बसले! वंकदेवाच्या आईच्या आठवणी निघाल्या. धुळाक्षरं गिरवताना तो कसा झोपायचा ते निघालं. धानाईची म्हैस निघाली. मी नावेच्या काठाला धरून पाण्यावर नजर ठेवून होतो.

"स्वामी, पाणी चाललं!" मी ओरडलो.

"दिसतंय मला," ते म्हणाले, आणि एक पाऊल मागे आले.

पाणी हटलं की ते हटायचे. पायऱ्या उघड्या पडल्या, मग पायऱ्यांखालचा काळा, चकाकता चिखल. स्वामी जसजसे मागे येत होते तसतसा वंकदेव आपल्या स्वारांना खाली घेत होता. राणीमायने धावत पाण्यापर्यंत येऊ नये म्हणून त्याला देऊळ आणि स्वामी यांच्यामध्ये भिंत हवी होती. पायऱ्यांवरची माणसंही त्याने खाली बोलावली. दाराशी राहिले ते ओंडकेवाले चार गडी. अंतर वाढत गेलं.

"थकलात का स्वामी?" वंकदेव म्हणाला. "आता परत फिरा. तुम्हीच शिकवलंत मला, एक नियम मोडला की माणूस सगळे मोडतो. तुम्ही मोडणार नाही हे मला ठाऊक आहे. त्यावरच तर मी निघालो."

"हो, मीच शिकवलं होतं," स्वामी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. पहिल्यांदाच ते मला खरोखर म्हातारे दिसले.

मग त्यांनी वाकून उजवीकडे चिखलात दंडाने चाचपलं. ठक्क आवाज आला. आणि त्यांनी पाण्यातून पाय उचलून बाहेर ठेवला.

"स्वामी! पाऊल!" वामशक्ती किंचाळला. ओरड म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, पण ती किंचाळी आतून आली होती.

वंकदेवाचं तोंड उघडंच राहिलं. मग तो घोड्यावर उसळला. "व्रत मोडलं! सगळ्यांनी पाहिलं! दंड आता नुसतं लाकूड आहे!"

"लाकूडच," स्वामी म्हणाले. त्यांनी दंड चिखलात आडवा ठेवला, हलक्या हाताने. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मल्हणा, अभय संपलं. तुझंही आणि त्याचंही."

अरे देवा! तेव्हा कुठे मला शस्त्रं कशाला ते कळलं. जाळी भिरकावली, तलवारी बाहेर आल्या. "उतरा रे!" मी गर्जलो.

समोर वंकदेवाच्या स्वारांनी टाच मारली आणि घोडे जागच्या जागी खचले. घाटावरचे घोडे ते, आणि घाटावरचेच स्वार. ओहोटीनंतरचा हा चिखल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. जितके झगडत तितके आत जात. एक घोडा पोटापर्यंत गेला. चिलखत घातलेले शिपाई मांड्यांपर्यंत रुतून हात हवेत हलवत होते. माझे कोळी मात्र अनवाणी, पावलं आडवी टाकत, पळत सुटले. लहानपणापासून तिसऱ्या वेचायला ते याच चिखलात धावले होते.

आणि त्या गदारोळातून स्वामी सरळ चालले होते! चिखलाखाली खडकाची एक अरुंद धार होती, नावेपासून थेट पायऱ्यांपर्यंत. तिसऱ्यांच्या भांडणात दोन्ही गावं त्या धारेवरच हक्क सांगत होती. तीन दिवस ऐकलं होतं त्यांनी. मी जांभया देत होतो तेव्हा ते ऐकत होते.

दाराशी राहिलेल्या चौघांनी त्यांना येताना पाहिलं. हात रिकामे, पायांना चिखल, पाठीमागे ना दंड ना अभय. एकाने तलवारीला हात घातला. स्वामी म्हणाले, "तुझी बांधाची तक्रार होती ना? आडगावचा तू." त्या माणसाचा हात मुठीवरच राहिला. मग तो बाजूला झाला, आणि बाकीचेही झाले.

"देवी, दार उघडा. मी आहे."

अडसर निघाला. राणीमाय उभ्या होत्या, केस विस्कटलेले, हातात पूजेचं जड तबक उगारलेलं. पोर कडेवर. स्वामींनी दोन्ही हात पुढे केले.

"द्या त्याला. दगड निसरडे आहेत, तुमचे हात मोकळे हवेत."

राणीमाय गोंधळल्या. "स्वामी, आपण... आपल्याला स्पर्श चालत नाही."

"आता मी कोणी नाही. द्या."

वंकदेव घोडा सोडून खाली उतरला होता आणि गुडघ्यापर्यंत रुतला होता. मी त्याच्या गळ्याला तलवार लावली. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो पाहत होता ते खडकाच्या धारेवरून पोराला छातीशी धरून येणाऱ्या म्हाताऱ्याकडे.

"त्यांनी पाऊल टाकलं," तो म्हणाला. "नायक, त्यांनी खरंच पाऊल टाकलं."

तो पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिला. त्याला बांधून नावेत घालेपर्यंत त्याच्या माणसांनी शस्त्रं टाकली होती.

परतीच्या वाटेवर सगळे एकदम बोलत होते. कोणाचा घोडा कसा रुतला, कोणी कोणाला कसं लोळवलं. मीही बोलत होतो, मोठमोठ्याने. मग जाळ्यांवर नजर गेली. शस्त्रं घे, असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. चिखलात वाढलेली माणसं घे, म्हणाले होते. म्हणजे पाण्याची शीव वगैरे नुसती वंकदेवाला खाली उतरवायला होती. म्हशीचा निकाल देतानाच त्यांना ठाऊक होतं की पाऊल बाहेर पडणार आहे. मग जाताना नावेच्या टोकाला ते हसत उभे होते ते कशाला? आचार्य म्हणून शेवटचंच होतं म्हणून? मला रडू फुटलं. गड्यांसमोर फुटलं, तरी मी ते पुसलं नाही.

काठावर सगळं पट्टण लोटलं होतं. नारळ हातात तसेच. राणीमाय उतरल्या तेव्हा नुसता जयजयकार. मग स्वामी उतरले आणि लोक गप्प झाले. बातमी कोणाच्या तरी होडीने आमच्या आधी पोचली होती. व्रतभ्रष्टाला वंदन करायचं नसतं, आसन द्यायचं नसतं. लोकांनी नुसती वाट करून दिली. कित्येकांचे हात छातीपर्यंत येऊन थांबले होते.

वामशक्तीने येताना दंड उचलून आणला होता. तो तसाच धरून लहान पोरासारखा रडत होता. स्वामी त्याच्यापुढे गेले, पोर सांभाळत कसेबसे गुडघे टेकले आणि आपल्याच शिष्याच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.

"स्वामी, नका!"

"दंड तुझ्या हातात आहे. राजे येईपर्यंत चटईही तुझी. लोकांचं बोलणं मध्येच तोडत जाऊ नकोस, एवढं कर."

"आणि आपण?"

ते बाजूला गेले. मठाच्या वाटेला नाही, राजवाड्याच्या वाटेला नाही. वाळूत एक होडी पालथी घातलेली होती तिच्यावर बसले. राणीमाय मागोमाग गेल्या, पोर घ्यायला हात पुढे केले, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हात मागे घेतले. त्या तिथेच वाळूत बसल्या.

मी जवळ गेलो. वर्षभर ज्यांना मनातल्या मनात हसलो ते माझ्यासमोर बसले होते, आणि त्यांच्याजवळ आता काहीच उरलं नव्हतं.

"स्वामी," मी विचारलं, "आता कुठे जाणार?"

"हळू बोल," ते म्हणाले. "आत्ताच झोपलाय."